चाळीस चिंचोके

गोमतीबाईला निवांत बसलेली पाहिलेली माणसं तांड्यावर फार थोडी होती. बहुतेकांनी तिला पाहिलं ते चालतानाच. डोक्यावर घागर, घागरीवर घागर, तिच्यावर तांब्या, आणि तोंडाचा पट्टा सुरूच. वाटेत भेटेल त्याची चौकशी, कुणाला टोमणा, कुणाच्या सुनेला सल्ला, असं सगळं करत ती नदीवरून घरी यायची आणि वरच्या तांब्यातलं पाणी हिंदकळायचं नाही. मान ताठ, पाठ ताठ, आणि खरं सांगायचं तर स्वभावही तसाच. मानोऱ्यापासून दोन-अडीच कोसांवर, पळसाच्या माळावर वसलेला तीस-पस्तीस घरांचा तो तांडा. तिथं नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, शब्दानंतर कुणाच्या शब्दाला वजन असेल तर ते गोमतीच्या.

ही चाल तिला आजीकडून मिळाली होती. आजीच्या काळात या लोकांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, आणि बाया त्यांच्यामागं रोज दहा-दहा कोस चालत. आजी सांगायची की बाई उभी राहते ती पायाच्या बोटांवर. बोटांनी भुई धरली नाही तर कंबर कलते, कंबर कलली की पाठ वाकते, मग डोक्यावर घागर ठरत नाही. गोमतीनं हे लहानपणी ऐकलं आणि सोडून दिलं. तिचे पाय पक्के होते, आणि पाय पक्के असले की माणसाला त्यांची आठवणसुद्धा होत नाही.

आठवण झाली ती झमलीमुळं. दोन लेकरं मातीत घातल्यावर गोमतीला आणि तिच्या नवऱ्याला, रूपलाला, ही तिसरी पोर जगली. चार वर्षांची असताना तिला ताप आला. सात दिवस अंग भाजत होतं. आठव्या दिवशी ताप उतरला तेव्हा घरात गुळाचा भात झाला, आणि झमली भात खायला उठली ती डाव्या अंगावर कोसळली. डावा पाय लुळा पडला होता. मानोऱ्याच्या डॉक्टरनं पाय वर-खाली करून पाहिला आणि पायातली ताकद गेली, आता जसं आहे तसं, असं सांगून मोकळा झाला. पोर पुढं चालू लागली खरी. पण डाव्या पायाचा पंजा खाली लोंबायचा, चालताना तो घासत यायचा, तो उचलायला तिला कंबर एका बाजूला फेकावी लागायची, आणि त्यामुळं उजवा खांदा कायम खाली. पोटरी सुकून उजवीच्या निम्मी राहिली. तांड्यावरची पोट्टी तिच्यामागं तसंच झुकून चालत आणि हसत. गोमती त्यांच्यावर दगड घेऊन धावायची. दगडानं पाय कुठं सरळ होतो?

तांड्याच्या लग्नात एक चाल आहे. पाठवणीच्या वेळी नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हवेली म्हणते. हवेली म्हणजे निरोपाचं गाणं. आई, बाप, नायक, पाण्याची वाट, दारचं झाड, सगळ्यांची नावं घेऊन ती रडते आणि गाते. बैल हलत असतो, शेपटी मारत असतो, तरी नवरीनं त्याच्या पाठीवर दोन पायांवर उभं राहायचं. खाली अख्खा तांडा वर तोंड करून ऐकत असतो. ज्या पोरीनं हवेली म्हटली नाही ती तांड्यातून गेली असं कुणाला वाटतच नाही.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात अशीच एक पोर बैलावर उभी होती. गर्दीत गोमतीच्या शेजारी नायक हेमसिंगची बायको होती. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "तुह्या झमलीले त बाजेवर बसवूनच पाठवा लागन वं, गोमती."

ती काही वाईट मनानं बोलली नव्हती. पण गोमतीला ते असं लागलं की जेवणावरची वासना उडाली. झमली तेव्हा बारा वर्षांची होती आणि बापाच्या कुशीला टेकून, एका पायावर सगळा भार टाकून, बैलावरच्या नवरीकडं टक लावून पाहत होती.

त्याच सुमारास रूपला एका बैलाच्या मागं लागला होता. बैल चिखलात घसरला होता आणि त्याचा मागचा पाय भुईवर नीट टेकत नव्हता. रूपला फार बोलणारा माणूस नव्हता. बैलांशी मात्र बोलायचा. रोज सकाळी तो बैलाला अरुणावती नदीच्या वाळूत नेऊन हळूहळू चालवायचा. घट्ट भुईवर बैल दुखरा पाय उचलूनच धरायचा. वाळूत तो पाय रुतायचा, मग त्याला तो वापरावाच लागायचा. दोन महिन्यांत बैल चारही पायांवर आला.

"बैलाले जमलं ते माह्या पोरीले काहून नाई जमणार?" गोमती म्हणाली.

रूपलानं पोरीकडं पाहिलं, मग बैलाकडं. "बैल रडत नाई," तो म्हणाला.

"मंग पोरगी बी नाई रडणार."

पोरगी रडली. महिनाभर रोज रडली. उजाडलं की गोमती तिला नदीवर नेऊन वाळूत चालवायची. आधी टाच टेकायची, मग चवडा, मग बोटांनी वाळू मागं लोटायची. अंगणात आल्यावर चिंचोके. मोजून चाळीस चिंचोके मातीवर पसरायचे आणि डाव्या पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी झमलीला एक चिंचोका उचलता आला नाही. बोटं नुसती थरथरली, तळव्यात पेटका आला आणि ती मातीत लोळून ओरडली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक चिंचोका अंगठ्यात अडकला आणि वाटीच्या काठावरून बाहेर पडला. गोमतीनं तो उचलून परत मातीत ठेवला.

टाच आखडली होती, उकिडवं बसलं की ती भुईला लागायची नाही. त्यासाठी ओढणीचा फास पंजात अडकवून झमलीनं तो दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढायचा. मग दाराची मेढ धरून चवड्यांवर उठायचं आणि सावकाश उतरायचं. शेवटी पाट्यावर एका डाव्या पायानं उभं राहायचं. किती वेळ? घड्याळ तांड्यावर नव्हतं, पण चूल होती. गोमती भाकर थापायला घ्यायची, ती तव्यावर पडेपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही. आणि मला वाटतं, त्या दिवसांत गोमतीच्या भाकरी जरा सावकाशच थापल्या जायच्या.

चाळीस चिंचोके झाल्याशिवाय जेवण नाही, हा तिचा कायदा. बापाला ते बघवायचं नाही. गोमती चुलीकडं वळली की रूपला हळूच आपल्या मुठीतले दोन-तीन चिंचोके वाटीत टाकायचा. एकदा गोमतीनं वाटी मोजली.

"एक्केचाळीस कशे झाले?"

झमली बापाकडं पाहत होती. बाप आभाळाकडं.

"मातीत चिंचोक्याले पिल्लं होऊन राह्यले काय?" असं म्हणून गोमतीनं सगळी वाटी पालथी केली आणि पोरीला पुन्हा पहिल्यापासून लावलं. रूपलालाही त्या दिवशी जेवण उशिरानंच मिळालं. तांड्यावर हा किस्सा बरेच दिवस चघळला गेला आणि रूपलाला लोक एक्केचाळीस म्हणून हाक मारू लागले.

पण पाय ऐकू लागला. वर्षाच्या आत पंजा घासायचा थांबला. पंजा उचलू लागला तशी कंबर फेकायची गरज उरली नाही, कंबर जागेवर आली तशी पाठ उभी राहिली आणि दोन्ही खांदे एका रेषेत आले. दुसऱ्या वर्षी टाच भुईला लागली. तिसऱ्या वर्षी झमली तीन भाकरी होईपर्यंत पाट्यावर उभी राहू लागली, वर हात सोडून आईला वेडावून दाखवू लागली. सोळाव्या वर्षी ती दोन घागरी घेऊन नदीवरून आली आणि नायकाच्या बायकोच्या दारासमोरून मुद्दाम सावकाश गेली. ही खोड मात्र आईचीच.

पोटरी काही भरली नाही. घागरा लांब होता म्हणून कुणाला दिसायचं नाही. पायातलं वाळं डाव्या घोट्यावरून निसटायचं, म्हणून गोमतीनं त्याला आतून जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळून दिली होती. आणखी एक गोष्ट होती, ती फक्त या मायलेकींना ठाऊक. मधे झमलीला गोवर आला आणि पंधरा दिवस सगळं बंद पडलं, तेव्हा पंजा पुन्हा लोंबू लागला होता. पुन्हा महिनाभर वाळू आणि चिंचोके करावे लागले. म्हणजे हा पाय बरा झालेला नव्हता, त्याला रोज बरा ठेवावा लागत होता. गोमतीला हे कळलं होतं. पुढं जे झालं ते तिला ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं ती स्वतःलाही कधी म्हणू शकली नाही.

छप्पन्न साली झमलीची सोयरीक आली. गोमतीनं जवळच्या तांड्यांतली दोन स्थळं आधीच परतवली होती, कारण तिथं कुणी ना कुणी झमलीला लहानपणी पाहिलं होतं. हे स्थळ लांबचं, रिसोडकडच्या केनवडच्या पुढल्या तांड्यावरचं. पोरगा प्रेमसिंग, अंगानं मजबूत, मान खाली घालून बोलणारा. तिकडं कुणाला काही माहीत नव्हतं. गोमतीला स्थळात जे आवडलं ते हेच.

सोयरीक पंचांसमोर ठरते. दोन्हीकडची माणसं गोल बसली. हेमसिंग नायकानं रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना विचारलं, कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, एकदा गूळ तोंडात गेला की मागचं काढायचं नाही. नवऱ्याकडच्यांनी सांगितलं की पोराचा चुलता भांडकुदळ आहे. सगळे हसले. मग नायकानं रूपलाकडं पाहिलं.

रूपलानं घसा खाकरला. आदल्या दिवशीच तो गोमतीला म्हणाला होता, "सांगून टाकू. बैल विकतानी बी आपण खोड सांगतो." गोमतीनं त्याला धुडकावलं होतं. आता तो हातातलं पागोटं मांडीवर ठेवून म्हणाला, "पोरगी लहान असतानी..."

गोमती मागं गुळाचं ताट धरून उभी होती. ती दोन पावलं पुढं आली, ताट रूपलाच्या पुढ्यात ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लहान असतानी लई लाडाची होती, आता बी हाय. घ्या, गूळ घ्या." पुन्हा सगळे हसले. रूपलानं ताटाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

लग्न झालं. पाठवणीला रूपलानं तोच बैल सजवला, ज्याचा पाय वाळूत सुधारला होता. शिंगांना कवड्या आणि गोंडे, पाठीवर भरतकामाची झूल. झमली कुणाचा हात न धरता चढली. उभी राहिली. बैलानं एकदा अंग झटकलं, खालच्या बाया ओरडल्या, पण ती हलली नाही. डाव्या पायाची बोटं झुलीत घट्ट रुतलेली गोमतीला दिसली. झमलीनं दोन्ही हात वर केले आणि हवेली सुरू केली.

तिनं आईचं नाव घेतलं. बापाचं घेतलं. नदीच्या वाळूचं घेतलं, पाट्याचं घेतलं. ते कुणालाच कळलं नाही, पण ऐकून बाया हुंदके देऊ लागल्या. नायकाची बायको धाय मोकलून रडली. रूपला बैलाच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. गोमती एकटी कोरडी. ती पोरीचे पाय पाहत होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पायच पाहत होती. टाच उचलते का, घोटा कलतो का, आता कलेल, आता कलेल. कलला नाही. गाणं संपलं, झमली खाली उतरली, आणि गोमतीला आनंदानं नाचावंसं वाटलं. पोरीचं तोंड तेव्हा कसं दिसत होतं, हे तिला पुढं कितीही आठवून आठवलं नाही. तिनं ते पाहिलंच नव्हतं.

पुढच्या दिवाळीला झमली माहेरी आली. अंगणात शिरताना गोमतीनं आधी तिची चाल पाहिली. फार काही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला पंजा मातीला हलकासा घासत होता, एवढंच.

"चिंचोके करतं का नाई?" गोमतीनं विचारलं.

"कवा करू, याडी?" तांड्यावर आईला याडी म्हणतात. "घरात सासू, अंगणात नणंदा. पाट्यावर उभी राह्यली त म्हणतीन, हे काय करून राह्यली. नदी बी लांब हाय. ओढणी पायाले बांधली त एक डाव सासूनं पाह्यलं. मी म्हणलं, काटा रुतला."

"मंग?"

"मंग तिनं सुई आणली. घंटाभर काटा शोधत बसली बिचारी." झमली हसली. "याडी, सासू चांगली हाय. मले जेवू घातल्याबिगर जेवत नाई. तिले सांगू का?"

गोमतीला गुळाचं ताट आठवलं असेल, पंच आठवले असतील. आता सांगायचं म्हणजे तेव्हा लपवलं हेही सांगायचं. केनवडकडच्या तांड्यावर चार बाया बोलतील, गोमतीनं लंगडी पोर आपल्या गळ्यात मारली म्हणतील. ती ताठ मान कुठं ठेवायची?

"नको," ती म्हणाली. "चांगली हाय तवर चांगली हाय. लपून करत जाय."

झमलीनं मान हलवली. ती पंधरा दिवस राहिली आणि रोज वाळूत चालली. पाय बराच सुधारला. निघताना गोमतीनं चांगले मोठे चाळीस चिंचोके निवडून एका फडक्यात गाठ मारून तिला दिले. चिंचा केनवडकडंही होत्या, चिंचोके तिकडंही मिळाले असते. पण आईनं दिलेले पाहिले की पोर विसरणार नाही, असं तिच्या मनात होतं. झमलीनं ते पुडकं कमरेला खोचलं आणि चालू लागली. वळणापर्यंत तिची चाल सरळ होती.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात तिकडून माणूस आला. झमली पडली, लवकर चला, एवढंच तो म्हणाला. गोमती आणि रूपला तशीच उठली. मिळाली तिथं मोटार, मिळाली तिथं बैलगाडी, उरलेलं पायी, असं करत तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. तांड्याच्या तोंडाशी प्रेमसिंग भुईवर बसला होता. त्याचं मुंडण झालेलं होतं. ते पाहिल्यावर विचारायचं काही उरलं नाही.

जवळची विहीर आटली होती आणि सगळ्या बाया पायऱ्यांच्या जुन्या बारवेतून पाणी काढत होत्या. दोन घागरी घेऊन झमली वर येत होती. सगळ्यात वरच्या पायऱ्यांजवळ आली असताना तिचा डावा पंजा पायरीच्या काठाला अडला. मागं येणाऱ्या बाईनं पाहिलं होतं. घागरी आधी गेल्या, मग ती. डोकं दगडावर आदळलं. एक दिवस श्वास होता, शुद्ध नव्हती.

झमलीची सासू हिरीबाई दाराशी बसली होती. मोठ्या हाडाची, रापलेल्या तोंडाची बाई. गोमतीला पाहून ती उठली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हिरीबाई मोठ्यानं रडत होती. गोमतीला रडू येत नव्हतं. मग हिरीबाई आत गेली आणि झमलीची वाळी घेऊन आली.

"अंग धुतानी काढली," ती म्हणाली. "इहीन, एक विचारू? याच्यात हे फडकं कायले गुंडाळलं होतं?"

डाव्या वाळ्यातली ओढणीची पट्टी मळून काळी झाली होती.

"आन तिच्या दोन पोटऱ्या..." हिरीबाई थांबली. "आमी बायांनी पाह्यलं. मी कोणाले बोलली नाई. पन मले सांगा."

गोमती खाली बसली, आणि तिनं सांगितलं. ताप सांगितला, वाळू सांगितली, चिंचोके, पाटा, भाकरी. गुळाचं ताटही सांगितलं. दिवाळीला पोर काय म्हणाली आणि आपण काय म्हणालो, तेही सांगितलं. काही वगळलं नाही. रूपला बाहेर प्रेमसिंगजवळ बसला होता.

हिरीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "ते चिंचोके... फडक्यात बांधेल होते ते?"

"हो."

"कणगीच्या मांगं ठेवले होते तिनं. दिवाळी झाल्यावर मले सापडले." हिरीबाई सांगू लागली. "मले वाटलं, माहेराहून लेकरायसाठी आणले आन द्याले इसरली. मी भाजले वं. चुलीत भाजून पोट्ट्यायले वाटले. तिले बी दिले. ती हासली. हासत हासत तिनं बी खाल्ले."

गोमतीनं ती वाळी हातात घेतली.

"मले सांगतलं असतं," हिरीबाई म्हणाली, "त मी ते भाजले असते का? माह्या अंगणात पसरले असते मी. रोज बसली असती तिच्यापाशी. कायले नाई सांगतलं, इहीन? मी काय तिले वापस धाडली असती?"

तेव्हा गोमती रडली. लग्नात बैलापाशी राहून गेलेलं, सगळं. तांड्यावरच्या बाया धावत आल्या. रडताना ती एकच विचारत होती, पोरगी बैलावर उभी असतानी तिचं तोंड कसं दिसत होतं, कोणी पाह्यलं काय, सांगा वं मले. त्या बायांना काय ठाऊक असणार? नवऱ्याकडच्या वऱ्हाडात बाया जात नाहीत.

गोमती आपल्या तांड्यावर परतली. पाणी आणायची ती, पण मुक्यानं. पुढं कुठल्या पोरीची सोयरीक असली की ती गुळाच्या ताटाशी जाऊन बसायची आणि दोन्हीकडचं सगळं बोलून होईपर्यंत ताट कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. लोक चिडत, पण नायक काही म्हणायचा नाही.

आणि रोज सकाळी ती अंगणात चाळीस चिंचोके पसरायची आणि आपल्या डाव्या पायाच्या बोटांनी ते एकेक उचलून वाटीत टाकायची. त्या पायाला काहीच झालेलं नव्हतं. चिंचोके झाले की ती पाट्यावर एका पायानं उभी राहायची. लोकांना आधी वाटलं बाई खुळी झाली, मग सवय झाली. म्हातारपणीही ती ना वाकली ना कधी पडली. कुणी कौतुकानं म्हणायचं की गोमतीबाईची पाठ बघा, पाऊल बघा, या वयात कसं पक्कं पडतं. ते ऐकलं की ती उठून घरात जायची.

रूपला मेढीला टेकून तिच्याकडं पाहत बसायचा. एकदा ती पदर सावरायला वळली तेव्हा त्यानं, कितीतरी वर्षांनी, एक चिंचोका हळूच वाटीत टाकला. गोमतीनं वाटी मोजली. एक्केचाळीस भरले. तिनं पुन्हा मोजले. मग तिनं तो एक चिंचोका वेगळा काढून पदराच्या गाठीत बांधला आणि बाकीचे पुन्हा मातीवर पसरले.